शाळेचा नंबर कितवा, यावरून शाळा कळते का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी,

लेक सीनियर केजीत आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहतो. गेले तीन महिने घरात दुसरा विषय नाही.

दोन शाळा डोळ्यांसमोर आहेत. पहिली एका इंग्रजी मासिकाच्या वार्षिक यादीत शहरात तिसरी आली आहे. तो तिसरा क्रमांक गेटवर, बसवर, माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर, सगळीकडे छापलेला आहे. फी वर्षाला एक लाख चाळीस हजार, बसचे वेगळे. जायला पस्तीस-चाळीस मिनिटं. दुसरी शाळा घरापासून चालत आठ मिनिटांवर. जुनी, अनुदानित, सेमी इंग्रजी. ती कुठल्याच यादीत नाही. माझ्या दोन मैत्रिणी तिथे शिकल्या, दोघींचं उत्तम चाललंय, पण त्याला वीस वर्षं झाली.

नवरा म्हणतो, एवढा अभ्यास करून नंबर काढलाय तर त्यात तथ्य असणारच. सासूबाई म्हणतात, पोराला चालत जाता येतं ती शाळा चांगली. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच झोप लागत नाही.

प्रश्न सरळ आहे. क्रमांकावरून शाळेबद्दल नक्की काय कळतं? शिक्षक, पालक, बाहेरदेशातले लोक, सगळ्यांचे अनुभव हवे आहेत.

जाईजुई
वाचतेय. माझा मुलगा पुढच्या वर्षी याच रांगेत आहे.

विदा_वेडा
आधी एक काम करा, त्या यादीच्या शेवटी पद्धत दिलेली असते ती वाचा. मासिकांच्या अशा याद्या बहुतेक वेळा लोकांच्या मतांवर बनतात. पालक, शिक्षक, मुख्याध्यापक यांना विचारतात की अमुक शाळेला शिक्षकांची क्षमता, खेळ, सुविधा, शिस्त यांसाठी किती गुण द्याल. मत देणाऱ्याने ती शाळा आतून पाहिलेली असेलच असं नाही. मग जी शाळा आधीच गाजलेली असते तिला गुण जास्त पडतात, आणि गुण जास्त पडले म्हणून ती आणखी गाजते. हा नावाचा नंबर झाला, शिकवण्याचा नाही.

आपल्याकडे महाविद्यालयांसाठी केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. एकेका शाळेची तशी सरकारी क्रमवारी नाही. राज्यांची प्रतवारी होते, 'शाळासिद्धी'त शाळा स्वतःचं मूल्यमापन करते, पण 'नाशिकमधली तिसरी' असं सांगणारी सरकारी यादी नाही. ती जागा मासिकांनी भरून काढली आहे.

आप्पा_मास्तर
गोदाकाठ ताई, मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत होतो, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक. नगर जिल्हा, कोरडवाहू भाग. मासिकांच्या याद्यांशी आमचा कधी संबंध आला नाही, पण तालुक्यात दहावीच्या निकालावरून शाळांचे नंबर लागायचे आणि वर्तमानपत्रात छापून यायचे. म्हणून निकालाबद्दल सांगतो.

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. २०२० ला पुन्हा ९५.३० झाला. मुलं एका वर्षात मठ्ठ आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? शिक्षक बदलले का? २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत वीस गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रमही नवा होता. २०२० ला ते गुण परत दिले, शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण मिळाले. बाकी शाळा तीच, फळा तोच, आम्हीही तेच.

२०१९ च्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा माझ्या टेबलासमोर पालकांची रांग होती. "सर, यंदा शाळा घसरली." मी त्यांना काय सांगणार? त्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या बाई संध्याकाळी सात ते नऊ रात्र अभ्यासिका घेत होत्या, आदल्या कुठल्याच वर्षी एवढी मेहनत झाली नव्हती. नंबर मात्र खाली गेला.

तळकोकण
निकालावरून नंबर लावायचा तर मग सगळ्यांनी बिऱ्हाडं सावंतवाडीला हलवा. बोर्डाचा कोकण विभाग २०१२ पासून वेगळा झाला, तेव्हापासून दहावीला आम्हीच पहिले. २०२५ ला आमचे ९८.८२ टक्के आणि शेवटच्या नागपूरचे ९०.७८. भाडं स्वस्त, मासे ताजे, शाळा राज्यात पहिली, आणखी काय हवं? :)

आता खरं सांगतो. मला माझ्या शाळेचा मनापासून अभिमान आहे. आमचे गुरुजी गैरहजर मुलाच्या घरी संध्याकाळी चालत यायचे. वर्गात आम्ही चौदा जण होतो, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक असे. त्या ९८ टक्क्यांत हे नक्की आहे. पण त्याच मुलांना अकरावी सायन्सला कोल्हापूर नाहीतर पुणे गाठावं लागतं, आणि तिथे पहिले सहा महिने डोळ्यांतलं पाणी खळत नाही, हेही आहे. ९८ टक्क्यांत ते दिसत नाही.

विदा_वेडा
तळकोकण, तुमच्या 'चौदा जण' मध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे. वर्गात बारा मुलं असतील आणि सगळी पास झाली तर निकाल १०० टक्के. त्यातलं एक मूल परीक्षेच्या आदल्या रात्री तापाने फणफणलं आणि गणितात गेलं की निकाल ९१.६७. एका पोराच्या तापाने शाळा तालुक्यात पहिल्यावरून पंधराव्या नंबरवर जाऊ शकते. तीनशे मुलांच्या शाळेत असं एक मूल गेलं तर निकाल जेमतेम एक तृतीयांश टक्का हलतो.

थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांच्या आकड्यांवरून हेच दाखवलं. यादीच्या अगदी वरच्या टोकाला लहान शाळा जास्त येतात, आणि अगदी खालच्या टोकालाही त्याच. त्या जास्त चांगल्या किंवा वाईट असतात म्हणून नव्हे, तर त्यांचा आकडा दरवर्षी जास्त हेलकावतो म्हणून. एका वर्षाचा नंबर पाहून निर्णय घेऊ नका. निकालच बघायचा असेल तर सलग पाच वर्षांचा, आणि किती मुलं बसली होती तो आकडा शेजारी ठेवून.

पारिजात_क
किती मुलं बसली, हा प्रश्न विचाराच. आणि त्याच्या आधीचा एक प्रश्नही विचारा: नववीत किती होती?

माझ्या भावाची गोष्ट. शाळेचं नाव लिहीत नाही. गेटवर 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' असा बोर्ड होता. भाऊ नववीत गणितात आणि इंग्रजीत काठावर होता. निकालाच्या दिवशी आईला ऑफिसात बोलावलं, मी बरोबर होते, सहावीत असेन. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. समोरच्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, "त्याला इथून दहावी झेपणार नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. त्याच्याच भल्यासाठी सांगतेय." फॉर्म त्यांनी आधीच काढून ठेवला होता, वर पेन ठेवलं होतं. आईने विचारलं, "शिकवणी लावली तर?" त्यावर त्यांनी फक्त पेन थोडं पुढे सरकवलं.

त्या वर्षी भावाच्या तुकडीतले सात जण 'बाहेरून' बसले. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. भाऊ बाहेरून बसून पास झाला, आज सीएनसी मशीनवर सुपरवायझर आहे, चांगलं चाललंय त्याचं. पण त्या शाळेवरून जायची वेळ आली की तो अजूनही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो.

जाईजुई
पारिजात, वाचून पोटात गोळा आला.

आप्पा_मास्तर
पारिजात बाळा, तू लिहिलंस ते अनेक ठिकाणी चालतं. त्या बाईंच्या जागी बसणाऱ्यावर संस्थेचा दबाव कसा असतो ते मी पाहिलंय, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. सतरा नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांना पुन्हा शिकता यावं म्हणून आहे. नोकरी करणारी, लग्न होऊन गेलेली, वयाने मोठी माणसं त्यावर दहावी होतात. शाळेत असलेल्या पोराला बाहेर काढायला तो नाही.

सह्यकडा
सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी गेवराई तालुक्यातल्या तांड्यावरून आलोय. वडील दुसरी शिकलेले. आमच्या ओळखीत एकही शिक्षक नव्हता, एकही 'माझ्या मैत्रिणी तिथे शिकल्या' म्हणणारी व्यक्ती नव्हती. वडिलांनी मला कुठे घालायचं हे ठरवलं ते वर्तमानपत्रातली निकालाची यादी दुकानदाराकडून वाचून घेऊन. त्या यादीत वर असलेल्या शाळेच्या वसतिगृहात मला टाकलं, आणि माझं आयुष्य बदललं. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना नंबर नको असतो, कारण त्यांना शाळा आतून ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला तेवढा एकच कागद मिळतो. तोही काढून घेतला तर उरते ओळख आणि वशिला.

आणि मोजलंच नाही तर काय होतं? 'प्रथम' या संस्थेचा असर अहवाल २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना वाचायला सांगतो म्हणून आपल्याला कळतं की २०२४ सालीही ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. शाळांच्या स्वतःच्या कागदांवर तीच मुलं पास होऊन वर जात असतात. 'शिक्षण मोजता येत नाही' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. माझ्या तांड्यावरच्या पोरांचं मोजायलाच हवं.

विदा_वेडा
सह्यकडा, प्रतिसाद फार आवडला आणि बराचसा मान्य. एकच फरक दाखवतो. असर 'या मुलाला वाचता येतं का' हे विचारतो. क्रमांक 'ही शाळा त्या शाळेच्या वर आहे का' हे विचारतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने काही करता येतं, मुलाला वाचायला शिकवता येतं. दुसऱ्याचं उत्तर कळल्यावर शाळेला एकच करता येतं, वर जायचं, आणि वर जायचा सर्वांत सोपा रस्ता पारिजातने लिहिलाच आहे.

तुमच्या वसतिगृहाच्या शाळेबद्दल विचारू का? तिथे प्रवेशपरीक्षा होती?

सह्यकडा
होती. साठ जागांसाठी पाचशे मुलं बसली होती. तुमचा रोख समजला. पण एक सांगतो, निवडून घेतलेली पोरं असली तरी पहाटे पाचला उठवून स्वतः वाचून दाखवणारे रेक्टर सर यादीत दिसत नसले तरी होते. नंबर आणि चांगली शाळा कधीकधी एकाच जागी असतात.

उपनगरी
अमेरिकेतून लिहितेय. इथे घरं विकायच्या साइटवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळेचा एक ते दहापैकी गुण दिसतो. आम्ही घर घेतलं तेव्हा एजंटने स्वयंपाकघराच्या आधी तो आकडा दाखवला. नऊच्या शाळेजवळचं घर आणि सहाच्या शाळेजवळचं घर, मधे एक मोठा रस्ता आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे ज्यांना महाग घर परवडतं त्यांची मुलं नऊवाल्या शाळेत जातात, ती घरूनच वाचून, क्लास लावून येतात, गुण चांगले पडतात, शाळा नऊची राहते.

स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: मुलं किती गुणांवर आहेत, आणि वर्षागणिक किती पुढे सरकतात. पहिली गोष्ट घरच्या परिस्थितीबरोबर चालते, दुसरीचा तिच्याशी फार थोडा संबंध. शिकागोच्या सरकारी शाळांना लोक नावं ठेवायचे. तिथली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती, पण पुढच्या पाच वर्षांत त्यांनी सहा वर्षांएवढी मजल मारली. साध्या सरासरीच्या यादीत अशी शाळा खालीच दिसते. शिकवतेय कोण, मग?

आम्ही शेवटी सहावाल्या बाजूला घर घेतलं. पहिली दोन वर्षं मला रोज धाकधूक होती. आता नाही.

थेम्सकाठ
इंग्लंडचं सांगतो. इथे निकालांचे तक्ते सरकार १९९२ पासून प्रसिद्ध करतं. वेल्सने २००१ साली ते बंद केले, इंग्लंडात चालू आहेत. शिवाय ऑफस्टेड नावाची तपासणी असते. ती वर्षानुवर्षं अख्ख्या शाळेला एकाच शब्दात तोलायची: 'आउटस्टँडिंग', 'गुड', आणि खाली दोन. २०२३ च्या जानेवारीत रेडिंगमधल्या एका मुख्याध्यापिकेने अशा तपासणीत शाळेची श्रेणी सर्वांत खाली जाणार हे कळल्यावर आयुष्य संपवलं. चौकशीत तपासणीचा त्यात वाटा होता असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२४ पासून तो एक शब्द बंद झाला. आमच्याकडे पालकांत त्या दिवसांत दुसरं बोलणं नव्हतं.

गोदाकाठ ताईंना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन यांनी २००९ साली अगदी साधा मुद्दा मांडला. पालक आज जो तक्ता बघतात तो आज परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या मुलांचा असतो. आपलं मूल त्या परीक्षेला बसणार सहा-सात वर्षांनी. तोवर शाळा आजच्यासारखीच राहील का, हे त्या तक्त्यावरून फारच कमी सांगता येतं. तुमची लेक तर पहिलीत जातेय. दहावीला दहा वर्षं आहेत. तेव्हा मुख्याध्यापक कोण असेल हे त्या शाळेलाही माहीत नाही.

मिरची_भजी
थेम्सकाठ, दहा वर्षांनी दहावीच असेल की नाही हेही कुणाला माहीत नाही :)

बाय द वे, इंग्रजी माध्यमात घालूच नका असं माझं मत. आईच्या भाषेत...

विदा_वेडा
मिरची, माध्यमाचा विषय निघाला की धागा पाचशेवर जातो आणि मूळ प्रश्न विचारणारी व्यक्ती पळून जाते. वेगळा धागा काढ, मी पहिला प्रतिसाद देतो.

मिरची_भजी
काढते. तयारीने या.

न्यायवाट
प्रवेशाबद्दल एक कायद्याचा मुद्दा. बऱ्याच शाळा पहिलीसाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेतात, नाव 'संवाद' किंवा 'परस्पर परिचय' असं गोड ठेवतात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत, नंतर दर वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. देणगीही मागता येत नाही. याचा क्रमांकाशी थेट संबंध आहे. दारातच मुलं निवडून घेतली तर पुढचे नंबर आपोआप येतात.

गोदाकाठ
न्यायवाट, आम्हाला 'संवादा'साठी बोलावलंय! त्यात माझं आणि नवऱ्याचं शिक्षण, नोकरी, घरात कोणती भाषा बोलतो, सगळं भरून द्यायचंय. मला तो निव्वळ उपचार वाटला होता.

निळी_सायकल
माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. दुसरीत कळलं. तेव्हा तो 'नामांकित' शाळेत होता (नाव देत नाही). तिथे मला सांगितलं गेलं की आमच्याकडे अशी मुलं नसतात. हजार मुलांच्या शाळेत एकही नाही? मुलं असतातच, ओळखलेली नसतात किंवा पाठवून दिलेली असतात.

दुसऱ्या शाळेत घातलं. कुठल्याही यादीत नसलेली, पत्र्याची शेड, मैदान म्हणजे मातीचं अंगण. तिथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला फळ्यावरून उतरवून घ्यायचं बंद केलं. त्याऐवजी त्या त्याच्या शेजारी बसून तोंडी विचारायच्या. दहावीला बोर्ड अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती देतं. त्याची कागदपत्रं वेळेत करायला शाळेला खपावं लागतं, रुग्णालयाचं प्रमाणपत्र, अर्ज, पाठपुरावा. आमच्या मुख्याध्यापिका स्वतः दोनदा विभागीय मंडळात जाऊन आल्या.

गोदाकाठ, तुमच्या लेकीला याची गरज कधीच पडू नये. पण दोन्ही शाळांना विचारा, गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडच्या किती मुलांनी या सवलती घेतल्या? उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा. मला यापेक्षा खरा नंबर माहीत नाही.

आप्पा_मास्तर
निळी सायकल ताईंशी शंभर टक्के सहमत. मीही एक सांगतो.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, वही बघा. हुशार मुलाची नको, ती शाळा स्वतःहून दाखवते. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाची मागा. लाल शाईची नुसती बरोबरची खूण आणि तारीख आहे, की चूक कुठे झाली ते लिहिलंय? मुलाने ती दुरुस्त केली आहे का? आणि दुरुस्ती पुन्हा तपासलेली आहे का? तिसरी गोष्ट दिसली तर समजा तिथे शिकवतात.

आणि विचारा, मागच्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं गेटपाशी उभ्या राहा. मुलं बाईंच्या अंगावर धावत जातात की त्या दिसल्या की गप्प होतात, ते बघा.

आमच्याकडे ऊसतोड कामगाराची एक मुलगी होती. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्यावर जायची, शिमग्यानंतर यायची. नववी-दहावी दोन वर्षं आम्ही तिला गावातच आजीकडे ठेवायला लावलं, त्यासाठी माझे दोन शिक्षक चार वेळा तिच्या बापाच्या पाया पडायचे बाकी राहिले होते. तिला दहावीला ४८ टक्के पडले. आमची सरासरी तिने खालीच ओढली. माझ्या नऊ वर्षांतला सर्वांत मोठा निकाल कोणता असं कोणी विचारलं तर मी तिचं नाव घेईन.

तळकोकण
मास्तर, नमस्कार स्वीकारा.

सह्यकडा
मास्तर, त्या मुलीचं गाव माझ्या गावापासून लांब नसेल. तुमच्यासारखे मास्तर ज्या शाळेत आहेत ते बाहेरच्याला कळावं म्हणून तरी काहीतरी कागद हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. 'वही बघा' हे माझ्या वडिलांना जमलं नसतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

उपनगरी
हा प्रश्न खरा आहे, आणि यावर आपल्यापैकी कोणाकडेच उत्तर दिसत नाही.

गोदाकाठ
मंडळी, दोन्ही शाळा बघून आले. मोठं लिहितेय, गोड मानून घ्या.

यादीतली शाळा. 'संवाद' झाला. नंतर एका ताईंनी फिरवलं. तरणतलाव, रोबोटिक्सची खोली, छोटं सभागृह. वर्ग बघू का विचारलं तर काचेतून बघा म्हणाल्या, आत जाता येणार नाही. वही मागितली, ती 'धोरणात बसत नाही'. सवलतींबद्दल विचारलं तेव्हा मात्र मला आश्चर्य वाटलं. त्यांनी लगेच विशेष शिक्षिकेला बोलावलं. तिने अर्धा तास दिला, सध्या अकरा मुलांसोबत काम करते म्हणाली, कसं करते ते नीट समजावलं. फार चांगली बाई होती. पण ती येऊन वर्ष झालंय, आणि तिच्या आधीची दीड वर्षात सोडून गेली होती.

घराजवळची शाळा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बसा वर्गात, पण बोलू नका." दुसरीचा वर्ग, ४८ मुलं. गोंगाट होता. मी मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही मागितली. त्याने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं होतं. शेजारी बाईंनी लाल शाईत पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढल्या होत्या, एका गठ्ठ्यावर फुली मारून बाजूला दहा काड्या, आणि लिहिलं होतं, "गठ्ठा सोडलास का?" त्याखाली मुलाने पुन्हा सोडवलं होतं, २५. मग बाईंनी नवीन गणित दिलं होतं, ६१ वजा ३८. ते त्याने पहिल्याच फटक्यात २३ काढलं होतं, आणि तिथे बरोबरची खूण होती. आप्पा मास्तर, मला तुमचीच आठवण आली. मी ते पान बराच वेळ धरून बसले.

पण मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नाही. एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे हे दोघींना विचारावं लागलं. सवलत घेतलेली मुलं गेल्या तीन वर्षांत दोन.

निळी_सायकल
दोन म्हणजे ओळखलेली दोन. तीन वर्षांत दोन फार कमी आहेत, हे मुख्याध्यापिकांना सांगा. चांगल्या बाई असतील तर ऐकतील.

सह्यकडा
४८ मुलं हे मला खटकतं. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. त्या बाई आज अशा वह्या तपासतात, किती वर्षं तपासू शकतील?

आप्पा_मास्तर
सह्यकडा बरोबर बोलताहेत. ४८ वह्या अशा तपासायला रोज दोन-अडीच तास लागतात, ते घरी बसून. त्यावर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. पटसंख्या आणि संचमान्यता (म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर) हे मुख्याध्यापिकांच्या हातात पूर्ण नसतं, पण विचारायला हरकत नाही. कडीचं मात्र आजच्या आज होतं. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीची वाट बघू नका.

गोदाकाठ
प्रवेश घराजवळच्या शाळेत घेतला. नवऱ्याला ती वही फोटो काढून दाखवली असती तर लवकर पटलं असतं, पण कोणाच्या मुलाची वही, म्हणून काढला नाही. त्याला तोंडी सांगितलं आणि मग एक दिवस तो स्वतः जाऊन वर्गात बसून आला.

४८ चा प्रश्न विचारला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक पद दोन वर्षं रिकामं आहे, संस्था स्वतःच्या खर्चाने एक शिक्षिका घ्यायचा विचार करतेय, पण नक्की नाही. सह्यकडा, तुमची शंका अजून तशीच आहे.

कडी बसवली. मी आणि आणखी दोन आया मिळून शनिवारी कारागीर घेऊन गेलो. तीन दारांना बसवल्या, कारण बघितलं तर आणखी दोन सैल होत्या. आता कपाटाच्या किल्लीच्या मागे लागलेय.

जाईजुई
मी आज एका शाळेत वही मागितली. दिली नाही. आप्पा मास्तर, आता काय करू?

आप्पा_मास्तर
शाळा सुटायच्या वेळी गेटवर जा. एखाद्या आजीला विचार, नातवाची वही बघू का. आज्या नाही म्हणत नाहीत.